मुलांच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेलं दर उन्हाळ्यात गळून पडतं, त्याचं काय करायचं?

रात्री दीड-दोनच्या सुमारास 'सर्रर्र' असा आवाज आला आणि पोरगा ओरडला, "आई, जिराफ पडला!" दिवा लावून पाहिलं तर त्याचा चार फुटी स्टिकरचा जिराफ मानेतून दुमडून गादीवर लोळत होता. उचलून उलटा केला तर पाठीला भिंतीचा रंग पिठासारखा चिकटलेला. एप्रिल संपत आला होता, कूलर धो धो चालू होता, आणि आमच्या घरात हे तिसऱ्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा होत होतं.

आम्ही जळगाव जिल्ह्यात चोपड्याला राहतो. घर तळमजल्यावर, पोराची खोली दहा बाय दहा, एक भिंत थेट पश्चिमेला. पहिल्या वर्षी साधे स्टिकर लावले, ते मे महिन्यात गळाले. दुसऱ्या वर्षी दोन्हीकडून चिकटणारी फोमची टेप आणली. तिने पुठ्ठ्याचे ढग धरून ठेवले खरे, पण ढग पडले तेव्हा रुपयाएवढे रंगाचे पोपडे घेऊनच पडले. तिसऱ्या वर्षी जास्त जाड, जास्त महाग स्टिकर, म्हणजे वर सांगितलेला जिराफ. दर वर्षी चार-पाचशे रुपये, आणि दर वर्षी भिंत आधीपेक्षा विद्रूप.

तिन्ही वेळा मी डिंकाला शिव्या दिल्या. दोष डिंकाचा नव्हता. शेजारी रंगकाम चालू होतं, तिथले म्हातारे रंगारी नाना पाणी प्यायला आले तेव्हा त्यांना भिंत दाखवली. त्यांनी स्टिकरकडे पाहिलंही नाही. भिंतीवर तळहात ठेवला, वरून खाली एकदा फिरवला आणि पंजा माझ्यासमोर धरला. पांढराफेक! "ताई, भीतनी भुकटी हातले लागस, तठे कागद कसा टिकई?" एवढं बोलून पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

तेव्हा नवीन काही चिकटवायच्या आधी भिंतीला काय झालंय ते बघा. खान्देशात यामागे बहुतेक चारपैकी एक कारण असतं: भुकटी, ऊन, ओल किंवा भेग. आमच्या त्या एका भिंतीत पहिली दोन होती आणि खालच्या दोन फुटांत तिसरंही होतं.

तपासणी, फुकटातली

काळा किंवा गडद रुमाल घ्या आणि भिंतीवर जरा दाबून फिरवा. रुमाल पांढरा झाला तर भुकटी आहे. खात्री करायची असेल तर मास्किंग टेपचा वीतभर तुकडा भिंतीला लावा, नखाने नीट घासून बसवा आणि एका झटक्यात ओढा. टेपच्या चिकट बाजूला पीठ आलं तर वरचा रंग सुटा झालाय. पापुद्रा आला तर खालची पुट्टीच सुटलीय, आणि तिथं जास्त काम आहे.

उन्हासाठी काही साधन लागत नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा ती भिंत भाकरी काढून घेतलेल्या तव्यासारखी लागते. स्टिकरचा गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि स्टिकर स्वतःच्या वजनानेच खाली सरकू लागतो. म्हणून दिवसभर शाबूत दिसणारा जिराफ रात्री पडतो. दिवसभर खाल्लेलं ऊन विटा रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहतात.

ओलीची परीक्षा जरा सबुरीची. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद किंवा स्वयंपाकाची फॉइल चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला घट्ट बसवा आणि दोन दिवस हात लावू नका. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव आलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला ओलसरपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा. उन्हाळ्यात ही हवा दमट करायचं काम आपला कूलर करतो. खिडक्या-दारं बंद करून कूलर लावला की गारवा कमी आणि दमटपणाच जास्त होतो. कूलरच्या समोरच्या बाजूची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवा. झोपही बरी लागते आणि भिंतीवरचे कागदही गुंडाळत नाहीत. कूलरचा झोत मात्र सजावटीच्या भिंतीवर कधीच सोडू नका.

भुकटी निघाली तर

हे सर्वांत जास्त घरांत सापडतं. कारण सरळ आहे. घर बांधताना किंवा भाड्याने देण्याआधी स्वस्तात उरकायचं म्हणून पावडरीचं डिस्टेंपर किंवा नुसता चुना मारलेला असतो, किंवा पुट्टीवर प्रायमर न देता रंग दिलेला असतो, किंवा डबा पुरवायला रंगात बेसुमार पाणी घातलेलं असतं. रंगातला धरून ठेवणारा भाग कमी पडला की उरते ती खडूची पूड. तिच्यावर जगातला कुठलाही गोंद लावा, तो पुडीला चिकटतो, भिंतीला नाही.

लोक इथं दोन चुका करतात. एक, त्याच भुकटीवर नवा रंग मारतात. तो सहा महिन्यांत खालच्या पुडीसकट सुटतो. दोन, सगळी खोली नव्याने रंगवायची म्हणून पेंटरला विचारतात, आकडा ऐकतात आणि गप्प बसतात. मी दुसरीतली.

सगळी भिंत करायची गरजच नाही, हे फार उशिरा सुचलं. जिथं सजावट हवी तेवढाच भाग पक्का करायचा आणि त्या भागालाच आकार द्यायचा. पावसाळ्यानंतर आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसतो, एकामागे एक तीन रांगा, लांबची अगदी फिकट. पोराला म्हटलं, हाच भिंतीवर काढू. जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत डोंगर, वरची भिंत आहे तशी राहू द्यायची, तेच आकाश. दहा फूट रुंदीवर साडेतीन फूट म्हणजे पस्तीसच चौरस फूट काम.

कामाचा क्रम असा झाला. डोंगरांची रेघ आधी पेन्सिलने हलकी काढली. रेघेखालचा सुटा रंग पत्र्याच्या पट्टीने खरवडला, मग पॉलिश पेपर मारला. हे करताना पोराला खोलीबाहेर ठेवा, तोंडाला रुमाल बांधा, दार लावून खिडकी उघडी ठेवा. धूळ कोरड्या फडक्याने आणि नंतर पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसली आणि एक दिवस तसंच सोडलं. खड्डे होते तिथं पुट्टी भरली, वाळल्यावर घासली. मग पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरचा एक हात, डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून. दुसऱ्या दिवशी परत टेपची परीक्षा घेतली. टेप स्वच्छ निघाली तेव्हा इतका आनंद झाला की नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. त्याला काहीच कळलं नाही.

रंगाची युक्ती ऐका, पैसे तिथंच वाचतात. तीन डोंगरांना तीन डबे आणायचे नाहीत. पांढऱ्या ॲक्रिलिक डिस्टेंपरचा किलोचा एकच डबा घ्या आणि स्टेनरच्या, म्हणजे पांढऱ्यात मिसळायच्या गडद रंगाच्या, दोन छोट्या बाटल्या, निळी आणि हिरवी. डब्यात निळ्याचे थेंब टाकून अगदी फिकट रंग करा आणि सर्वांत लांबची रांग रंगवा. उरलेल्यात अजून निळा घाला, मधली रांग. मग त्यात हिरवा घाला, जवळची रांग. एकाच डब्यातून तीन छटा निघतात आणि त्या एकमेकींशी विसंगत दिसत नाहीत, कारण मूळ रंग एकच. स्टेनर मात्र डब्यावर दिलेल्या मापाच्या वर ओतू नका, जास्त झाला की तोच रंग हाताला लागायला लागतो. प्रत्येक रांगेला दोन हात, मध्ये चार-पाच तास.

पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी अकराच्या आत काम उरका. दुपारी भिंत तापली की रंग ब्रशवरच वाळतो, पट्टे दिसतात आणि धरतही नाही.

प्रायमर, डिस्टेंपर, स्टेनर, दोन ब्रश, टेप, पॉलिश पेपर आणि थोडी पुट्टी असं सगळं मिळून मला साडेसहाशेच्या आत पडलं. जिराफाचे पैसे यात धरलेले नाहीत, त्याबद्दल घरात बोलायला बंदी आहे.

जवळच्या डोंगराच्या पायथ्याशी केळीची बाग काढली. छाप्यासाठी जुन्या एक्स-रेची फिल्म उत्तम, भिजत नाही आणि कात्रीने कापता येते. फिल्म नसेल तर प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर चालतं. रांगोळीचे जाळीचे छापे घरात असतातच, त्यांची फुलं छान उमटतात. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून तो आधी वर्तमानपत्रावर टिपायचा, जवळजवळ कोरडा झाला की मग छाप्यावर हलके हलके दाबायचा. पहिल्यांदा आमचा स्पंज ओला होता, रंग फिल्मखाली शिरला आणि केळीचं पान वांग्यासारखं उमटलं. ते तसंच ठेवलंय. येणारे-जाणारे विचारतात, केळीत वांगी कशी? पोरगा सांगतो, आंतरपीक.

एवढं करूनही स्टिकरच हवे असतील तर नव्या रंगावर लगेच लावू नका. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पुरता मुरायला तीन-चार आठवडे लागतात.

ऊन हेच कारण असेल तर

मग भिंत कितीही पक्की करा, पश्चिमेच्या किंवा गच्चीखालच्या तापणाऱ्या भागावर चिकटवायचा हट्ट सोडा. तिथं रंगवा. रंग गळून पडत नाही. चिकटवायचं ते दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर. ती दिवसभर त्या मानाने थंड असते.

पोरांची चित्रं, शाळेतलं हस्तकलेचं सामान, नकाशा अशा बदलत राहणाऱ्या गोष्टींना मला सर्वांत आवडलेला उपाय म्हणजे लाकडाची पट्टी. सुतारशाळेत उरलेली दीड-दोन इंच रुंदीची पाच फुटी पट्टी फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळते. ड्रिलने तीन भोकं, त्यात प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि तीन स्क्रू. पट्टीला खालून हुक लावून सुतळी बांधायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं अडकवायची. भिंतीला जन्मात तीनच भोकं. घर भाड्याचं असेल तर मालकांना आधी विचारा, तीन भोकांना सहसा कुणी नाही म्हणत नाही. पट्टी पलंगाच्या डोक्यावर लावू नका, आणि काचेची फ्रेम तर पोराच्या खोलीत नकोच.

ओल आणि लोणा

आमच्या खालच्या दोन फुटांत हा प्रकार होता. पांढरे केसाळ तुरे, बोट लावलं की झडतात, चाटून बघितलं तर खारट. (बघू नका. मी बघितलं.) जमिनीतलं पाणी घराच्या पायातून विटांत वर चढतं, येताना माती-विटांतला क्षार विरघळवून आणतं, भिंतीच्या तोंडाशी आलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. तो फुलताना रंग आणि गिलावा दोन्ही ढकलून काढतो. बांधकामाला बोअरचं खारं पाणी वापरलेलं असेल तर विचारूच नका.

लोणा ओल्या फडक्याने पुसायचा नाही. क्षार परत विरघळून आत शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. कोरड्या कडक ब्रशने झाडा, कागदावर गोळा करून बाहेर टाका. त्यावर वॉटरप्रूफ म्हणून विकली जाणारी पुट्टी किंवा ऑइलपेंट थापायचा मोह होतो. तसं केलं की पाण्याची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढून तिथं फुटतं. आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे असाच एक फुटावरचा लोणा तीन फुटांवर गेला. ओलीचं मूळ सापडेपर्यंत खालच्या पट्ट्याला साधा चुना द्या. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, झडला तर पुढच्या वर्षी वीस-तीस रुपयांत परत देता येतो. मूळ कधीकधी अगदी जवळ असतं. पलीकडे न्हाणीघर असेल तर नळाचा सांधा आणि फरशीच्या फटी बघा, बाहेरून भिंतीला लागून कुंड्या किंवा मातीचा ढीग असेल तर तो हलवा.

म्हणून आमचे डोंगर प्रत्यक्षात जमिनीपासून सुरू होत नाहीत. खाली दोन फूट चुन्याचा पांढरा पट्टा आहे, पोरगा त्याला तापी म्हणतो. आधी ठरवलेले साडेतीन फूट त्यामुळे दोन ते साडेपाच झाले. त्याच्या उंचीला ते बरंही पडतं.

आता वेळेचं. श्रावणात कानबाई येते, म्हणून आपल्याकडे त्याआधी घराला रंग द्यायची घाई असते. देवीसाठी घर उजळावं हे बरोबरच. पण तेव्हा भिंती पावसाचं पाणी पिऊन बसलेल्या असतात. बैठकीला आणि देवघराला हात मारा, पोराच्या खोलीतली सजावट मात्र दसऱ्यानंतर किंवा फेब्रुवारीत करा. सासूबाईंना हे पटवायला मला दोन वर्षं लागली.

भेगा

काळ्या मातीवर बांधलेल्या घरांत ही ठरलेलीच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्याबरोबर पाया हलतो आणि बुजवलेली भेग मे महिन्यात परत तोंड उघडते. केसाएवढी असेल तर बुजवू नका, तिला झाडाची फांदी करा आणि पानं काढा. भेगेत रुपयाचं नाणं उभं शिरत असेल किंवा ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेली असेल तर सजावट थांबवा आणि आधी गवंड्याला दाखवा.

बाकी सुटं सुटं

भिंतीला जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिशाचं प्रमाण भरपूर असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. घासायचंच असेल तर पाणी मारून घासा आणि लगदा गोळा करून टाका. धूळ उडून पोराच्या तोंडात जाता कामा नये. त्यापेक्षा ती भिंत सोडून दुसरी निवडलेली बरी.

मैद्याची खळ वापरून कागद चिकटवायचा सल्ला घरातले मोठे देतात. चिकटते छान, पण कसर आणि झुरळंही छान येतात. पुस्तकं बांधणारे त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या खोलीत अजिबात नको. केळी पॅकिंगच्या खोक्यांचा पुठ्ठा सुरेख कापला जातो, पण ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवला तर वाळवीला आमंत्रण. तो पट्टीलाच टांगा.

पोरगा नव्या डोंगरांवर मेणाच्या खडूने ट्रॅक्टर काढणारच. मेणावर डिस्टेंपर चढत नाही, वरून रंग मारला तर ट्रॅक्टर परत वर येतो. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसा. उरलेल्या डागावर थोडा प्रायमर द्या आणि मग रंग. त्यापेक्षा प्लायचा एक तुकडा फळ्याच्या रंगाने रंगवून खाली ठेवून दिला तर निम्मे ट्रॅक्टर तिकडे जातात. निम्मेच.

जुने स्टिकर काढताना ओढू नका. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा अर्धा मिनिट द्या आणि कोपऱ्यापासून भिंतीला लगटून सावकाश सोलवा. मे महिन्यात यंत्राचीही गरज नाही, दुपारी चार वाजता काढा.

उरलेल्या रंगातला वाटीभर एखाद्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा, झाकणावर तारीख आणि 'जवळचा डोंगर' असं लिहा. दुरुस्तीला लागतो. उघडल्यावर कुजका वास आला तर टाकून द्या. आमच्या बरणीवर सासूबाईंनी 'खाऊ नये' असंही लिहून ठेवलंय, कारण ती बरणी पूर्वी लोणच्याची होती.